पाणी आधी, सांडपाणी नंतर : उल्हास खोऱ्यातील मलनिस्सारणाचा इतिहास (ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

नगरांचा इतिहास लिहिताना किल्ले, बाजारपेठा, देवालये, रेल्वे आणि नगरपालिका यांची नोंद आवर्जून घेतली जाते. गटारांच्या वाट्याला मात्र अशी नोंद सहसा येत नाही. वस्तुतः एखाद्या शहराने आपले मैलापाणी कोठे सोडले, हे पाहिले तर त्या शहराने आपल्या शेजाऱ्याला काय मानले, याचा बोध होतो. प्रस्तुत निबंधात उल्हास नदीच्या खोऱ्यातील ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या नागरी पट्ट्यातील सांडपाण्याच्या व्यवस्थेचा ऐतिहासिक आढावा घ्यावयाचा आहे. मलप्रक्रिया केंद्र हा विषय अभियांत्रिकीचा आहे, ही समजूत अपुरी आहे. केंद्राचे यंत्र कसे चालते हे अभियंता सांगू शकेल. ते यंत्र इतक्या उशिरा का आले, आणि आल्यावरही नदीची अवस्था अपेक्षेप्रमाणे का सुधारली नाही, या प्रश्नांची उत्तरे मात्र इतिहासातच शोधावी लागतात.

नदी, बंदर आणि रेल्वे

उल्हास नदी बोरघाटाच्या परिसरात, राजमाचीच्या डोंगररांगांत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर, उल्हासनगर या मार्गाने कल्याणला येते. तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर आहे. कल्याणजवळ काळू व भातसा यांचे पाणी तिला मिळते आणि तेथून पुढे ती खाडी होते. ठाण्याच्या उत्तरेस तिचा मुख्य प्रवाह घोडबंदरमार्गे वसईच्या खाडीकडे वळतो, तर एक फाटा ठाण्याच्या खाडीला जाऊन मिळतो. गोडे पाणी आणि भरतीचे पाणी जेथे भेटते तेथे कल्याण वसले, आणि या भेटीमुळेच ते बंदर झाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात कल्याणचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणचे दाते आढळतात. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर दुर्गाडीच्या परिसरात आरमाराची सुरुवात झाली, हे सर्वश्रुत आहे.

या दीर्घ काळात नदीला मलापासून संरक्षणाची गरज भासली नाही. लोकसंख्या थोडी होती. पिण्याचे पाणी विहिरींतून व तलावांतून मिळे. कल्याणचा शेणाळे तलाव आणि ठाण्याचा मासुंदा तलाव ही त्याची ठळक उदाहरणे होत. मैला जमिनीत जाई किंवा माणसाच्या डोक्यावरून गावाबाहेर जाई. या दुसऱ्या मार्गाकडे आपण पुढे वळणार आहोत.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत आली. कल्याणची नगरपालिका १८५५ ची, ठाण्याची १८६३ ची. याच सुमारास, म्हणजे १८६० मध्ये, विहार तलावाचे पाणी मुंबईला मिळू लागले, आणि मिळालेले पाणी बाहेर कसे काढायचे याचा वाद मुंबईत पुढे कित्येक वर्षे चालला. पाणी आधी येते आणि त्याच्या निचऱ्याचा विचार नंतर होतो, हा क्रम महानगराने घालून दिला. उपनगरांनी तो जसाच्या तसा गिरवला. पोखरणच्या तलावाचे पाणी ठाण्याला एकोणिसाव्या शतकातच मिळू लागले. भुयारी गटारांचे जाळे मात्र शंभर वर्षांनंतरही पूर्ण नव्हते. नळ आणणारा नगराध्यक्ष लोकांच्या स्मरणात राहतो. गटार बांधणाऱ्याचे नाव कोणी कोनशिलेवर शोधत नाही.

मैल्याचे शास्त्र : मँचेस्टर आणि माटुंगा

युरोपातील या शास्त्राचा इतिहास थोडक्यात असा. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने लंडनचे संसदगृह हैराण झाले आणि बॅझलजेट यांच्या मोठ्या मलवाहिन्यांना मंजुरी मिळाली. त्या वाहिन्यांनी मैला फक्त शहराच्या खालच्या अंगास नेला. त्यावर प्रक्रिया केली नाही. प्रक्रियेचे खरे शास्त्र १९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडले. मैलापाण्यात हवा खेळवली, तळाशी बसणारा गाळ फेकून न देता पुन्हा त्याच टाकीत वापरला, तर त्या गाळातील जिवाणू मैला झपाट्याने खाऊन टाकतात, असे त्यांना दिसून आले. आज आपल्याकडील बहुतेक केंद्रे याच तत्त्वावर किंवा त्याच्या सुधारित रूपांवर चालतात. जाळीतून कचरा अडवणे, वाळू बसवणे, हवा देणे, गाळ निवळवणे आणि शेवटी निर्जंतुकीकरण, असा हा क्रम आहे. नदी स्वतः जे काम अनेक मैलांत आणि अनेक दिवसांत करते, तेच काम टाकीत काही तासांत उरकणे, एवढाच त्याचा आशय.

मुंबई इलाखा या शास्त्रात मागे नव्हता, ही बाब येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. माटुंग्याच्या महारोगी आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्यासाठी बंदिस्त टाकी उभारण्यात आली आणि तिच्यातून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरण्यात आला. जैववायूच्या वापराच्या जगातील आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. त्या कामाशी संबंधित अभियंता कार्किट जेम्स यांनी पौर्वात्य शहरांच्या मलनिस्सारणावर 'ओरिएंटल ड्रेनेज' हा ग्रंथही लिहिला. माटुंगा ते कल्याण हे अंतर रेल्वेने तेव्हाही फार नव्हते. ज्ञान जवळच उपलब्ध होते. ते येण्यास पाऊण शतकाहून अधिक काळ लागला, याचे कारण अज्ञान हे खचितच नाही.

आणखी एका दस्तऐवजाचा उल्लेख आवश्यक आहे. इंग्लंडमधील मलनिस्सारणविषयक शाही आयोगाने १९१२ च्या आपल्या आठव्या अहवालात शुद्ध केलेल्या पाण्यासाठी एक प्रमाण सुचवले : दर लिटरला जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, म्हणजे बीओडी, २० मिलिग्रॅम आणि तरंगते घन पदार्थ ३० मिलिग्रॅम. हे प्रमाण जगभर पसरले. त्यामागील अट मात्र विस्मरणात गेली. शुद्ध केलेल्या पाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी नदीत वाहत असेल तरच हे प्रमाण पुरेसे आहे, असे आयोगाचे गृहीत होते. इंग्लंडच्या नद्या बारमाही आहेत. सह्याद्रीच्या पश्चिमेकडील नदीला चार महिने पूर आणि आठ महिने ओढ असते. या अटीची आठवण वालधुनीच्या संदर्भात ठेवावी लागेल.

उन्हाळ्यातील उल्हास

उन्हाळ्यातही उल्हास वाहते, परंतु ते तिचे स्वतःचे पाणी मुख्यत्वे नसते. घाटमाथ्यावरील आंध्रा नदीचे, म्हणजे मूळच्या कृष्णा खोऱ्याचे पाणी टाटांच्या भिवपुरी वीजगृहात १९२२ पासून घाटाखाली उतरते आणि वीज निर्माण झाल्यावर पेज नदीवाटे उल्हासला मिळते. पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणातून सोडलेले पाणी जांभूळजवळ उचलले जाते. अशा रीतीने उन्हाळ्यातील उल्हास नदी अर्धीअधिक मानवनिर्मित कालवाच झाली आहे. मोहने येथे बंधारा आहे. त्याच्या वरच्या पाण्यावर कल्याण-डोंबिवली महापालिकेची उदंचन केंद्रे चालतात. जवळच शहाड येथून शहाड-टेमघर योजनेद्वारे ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरकडे पाणी जाते. बदलापूरच्या खाली जे काही नदीत मिसळते, ते गाळून, फिटकरी आणि क्लोरीन घालून, ठाण्याच्या घरांत पोचते. ठाणेकरांपैकी फार थोड्यांना बदलापूरची गटारे आपल्या आस्थेचा विषय वाटत असतील.

छावणी, वसाहत आणि 'नाला' झालेली नदी

स्वातंत्र्यानंतरच्या तीन घटनांनी या खोऱ्याचे रूप पालटले. पहिली घटना निर्वासितांची. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कॅम्प या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिले. शहराला नदीचे नाव मिळाले. नदीला शहराचे सांडपाणी मिळाले. तात्पुरत्या वास्तव्यासाठी बांधलेल्या बराकींची उघडी गटारे कायमची झाली. ज्यांचे घरदार हिरावले गेले होते त्या लोकांना याचा दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यांना छप्पर देण्याची शासनाला घाई होती आणि ती योग्यच होती. घाई संपल्यावर मात्र कोणी परत येऊन गटारांचे काम पुरे केले नाही.

दुसरी घटना औद्योगिकीकरणाची. १ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. अंबरनाथ-कल्याण परिसराचा पाणीपुरवठा हे या महामंडळाच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते. १९६४ मध्ये डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आली. जलप्रदूषण प्रतिबंधाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा १९६९ चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ सप्टेंबर १९७० चे, केंद्राचा कायदा १९७४ चा, तर सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना साहाय्य देणारी केंद्र शासनाची योजना १९९१ ची. डोंबिवलीत आधी कारखाने, मग कायदा आणि सर्वांत शेवटी प्रक्रिया केंद्र, असा हा क्रम आहे. रासायनिक व वस्त्र उद्योगांसाठी तेथे दोन सामाईक केंद्रे पुढे उभी राहिली. दरम्यान एक पिढी त्या नाल्यांच्या काठी वाढली होती. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरव्या रंगाचा पाऊस पडला तेव्हा बाहेरच्यांना आश्चर्य वाटले, स्थानिकांना तितकेसे नाही.

तिसरी घटना नावाची आहे आणि ती कोणत्याही एका तारखेला घडलेली नाही. अंबरनाथच्या दक्षिणेकडील डोंगरात उगम पावणारी वालधुनी ही उल्हासची लहानशी उपनदी आहे. तिच्या काठी शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे. तिच्या वरच्या अंगास काकोळे येथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने इंजिनांसाठी तलाव बांधला, यावरून तिच्या पाण्याची प्रत कळून येते. हीच वालधुनी अंबरनाथ व उल्हासनगर ओलांडून कल्याणला येईपर्यंत बोलण्यातून आणि कागदपत्रांतून 'वालधुनी नाला' झाली. हा केवळ शब्दाचा फरक नव्हे. नदीत सांडपाणी सोडणे हा गुन्हा वाटतो. नाल्यात सोडणे हा नाल्याचा उपयोगच ठरतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात एका टँकरमधून या प्रवाहात रसायन ओतले गेले आणि वायूच्या बाधेने शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. आठपट स्वच्छ पाण्याची जी अट १९१२ च्या आयोगाने गृहीत धरली होती, ती उन्हाळ्यातल्या वालधुनीला लावून पाहावी. तेथे पातळ करण्यासाठी पाणीच नसते. जे वाहते ते सांडपाणीच असते.

केंद्रे आली, मैला आला नाही

ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी व कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. भुयारी गटारांच्या कामाला खरी चालना मात्र डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाने आणि पुढे २०१५ च्या अमृत योजनेने दिली. ठाण्यात कोपरीचे केंद्र वाढवण्यात आले. कल्याण-डोंबिवलीत आधारवाडी, बारावे, मोठागाव, टिटवाळा आदी ठिकाणी केंद्रे उभी राहिली. निधी केंद्राकडून येत असल्याने काँक्रीटच्या टाक्या तुलनेने लवकर बांधून झाल्या. घरापासून टाकीपर्यंतची वाहिनी टाकणे हे रस्ते खोदण्याचे, सोसायट्यांशी वाद घालण्याचे आणि अरुंद गल्ल्यांत शिरण्याचे काम आहे. ते मागे राहिले.

याचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. पुढील हिशेब केवळ उदाहरणादाखल केलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती. माणशी १३५ लिटर हे पाणीपुरवठ्याचे प्रचलित मानक धरले, तर रोजचे पाणी सुमारे १६९ दशलक्ष लिटर होते. त्याचे ८० टक्के सांडपाणी होते असे मानण्याचा प्रघात आहे, म्हणजे १३५ दशलक्ष लिटर. कच्च्या मैलापाण्याची बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम धरली तर नदीच्या प्राणवायूवर रोज २७,००० किलोंचा बोजा पडतो. आता समजा, यातील निम्मेच पाणी केंद्रापर्यंत पोचते. केंद्राच्या शुद्धीकरणाचे प्रमाण ३० वरून १० वर आणले, तर बोजा रोज १,३५० किलोंनी कमी होतो. याउलट, प्रमाण ३० च ठेवून उरलेले निम्मे पाणी केंद्रापर्यंत आणले, तर तो ११,४७५ किलोंनी, म्हणजे साडेआठपट अधिक, कमी होतो.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१९ मध्ये बीओडीचे प्रमाण १० वर आणण्याचा आदेश दिला आणि त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये पर्यावरण मंत्रालयाच्या अधिसूचनेने महानगरांसाठी २० व इतरांसाठी ३० हे प्रमाण ठरवले होते, यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. कठोर प्रमाणाला माझा विरोध नाही. उलट ज्या प्रवाहांत पातळ करणारे पाणी नाही तेथे ते आवश्यकच आहे. परंतु जो मैला केंद्राच्या दारातच येत नाही, त्याच्यावर कोणतेही प्रमाण लागू होत नाही. तो पावसाळी नाल्यातून, कोणत्याही नमुन्याच्या बाटलीत न शिरता, नदीत जातो.

मोहने येथील जलपर्णी ही या प्रक्रियेची दृश्य खूण आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती मैलापाण्यातील नत्र व स्फुरदावर वाढते. केवळ बीओडी कमी करण्यासाठी बांधलेले साधे केंद्र ही द्रव्ये पुरेशी काढत नाही. त्यामुळे पाणी 'प्रमाणात' असूनही नदी हिरव्या गालिच्याखाली गुदमरू शकते. २०२१ मध्ये मोहने येथे नागरिकांनी नदीपात्रातच बसून आंदोलन केले, ते याच जलपर्णीच्या आणि नाल्यांच्या प्रश्नावर. त्याआधी 'वनशक्ती' या संस्थेच्या अर्जावर न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने जुलै २०१५ मध्ये उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल औद्योगिक प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक, होते. त्यांत उल्हास होती, काळूही होती.

ठाण्याच्या खाडीचे चित्र थोडे निराळे आहे. भरती-ओहोटी रोज दोनदा घाण हलवते, आणि त्यामुळे ती नाहीशी झाल्याचा भास होतो. २०१५ मध्ये या खाडीचा भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रोहित ज्या शेवाळावर जगतात त्याच्या वाढीस शहराच्या सांडपाण्यातील पोषक द्रव्येही कारणीभूत असावीत, असे काही पक्षिअभ्यासक सांगतात. हा गुलाबी थवा स्वच्छतेचे प्रमाणपत्र म्हणून मिरवणे म्हणूनच सावधपणे करावे.

टाकीत उतरणारा माणूस

मलनिस्सारणाच्या इतिहासातील एका घटकाला अहवालांत रकाना नसतो. टोपलीच्या संडासांच्या काळात मैला ज्यांच्या डोक्यावरून गावाबाहेर गेला, ते विशिष्ट जातींतील स्त्री-पुरुष नगरपालिकांच्या हजेरीपटावर होते. नगराच्या इतिहासात नाहीत. कोरड्या संडासांवर बंदी घालणारा कायदा १९९३ चा, अधिक व्यापक कायदा २०१३ चा. भुयारी गटार आणि यंत्र यांनी हे काम संपवायला हवे होते. प्रत्यक्षात मे २०१९ मध्ये ठाण्याच्या ढोकाळी भागातील एका गृहसंकुलाच्या मलप्रक्रिया केंद्राची टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मरण पावले. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याणच्या नेतिवली परिसरात एका विहिरीत सफाईसाठी उतरलेला माणूस वर आला नाही; त्याला काढण्यासाठी उतरलेल्यांसह पाच जण गेले, त्यांत अग्निशमन दलाचे दोन जवान होते. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी २०१४ मध्ये दहा लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. ढोकाळीचे केंद्र जुने, मोडके नव्हते. ते आधुनिक संकुलातले होते. नदी वाचवणारी टाकी माणूस मारू शकते, ही नोंद मलप्रक्रिया केंद्रांच्या इतिहासात असलीच पाहिजे.

सीमेवरचा नाला

राहता राहिला हद्दीचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सर्वांत कठीण आहे. मलवाहिनी उताराने जाते, प्रशासन नकाशाने. १९८३ मध्ये महापालिकेत आलेली सत्तावीस गावे २००२ मध्ये वगळण्यात आली, जून २०१५ मध्ये पुन्हा घेण्यात आली. २०२० मध्ये त्यांतील अठरा वगळण्याचा निर्णय झाला आणि तो उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. पुढील तीस वर्षांचा विचार करून टाकावयाच्या वाहिनीचा आराखडा अशा परिस्थितीत कोणी आणि कोणाच्या पैशातून करायचा? दोन्ही बाजूंना राजकीय कारणे होती आणि ती समजण्यासारखी आहेत. जमिनीखालच्या नळाला मात्र ती कारणे समजत नाहीत.

उल्हासनगर आणि कल्याण या दोन महापालिकांच्या मधोमध, मुरबाड रस्त्यावर म्हारळ, वरप, कांबा ही गावे आहेत. ती दोन्ही शहरांच्या बाहेर, ग्रामपंचायतींच्या कारभारात राहिली आणि तेथे इमारती मात्र शहरासारख्या उभ्या राहिल्या. म्हारळचा नाला मोहनेच्या उदंचन केंद्राच्या वरच्या अंगास नदीला मिळतो. तो वाहतो ग्रामपंचायतीतून, त्याचे पाणी उचलते महापालिका, नदीपात्र पाटबंधारे खात्याचे आणि पाण्याची प्रत तपासणार प्रदूषण मंडळ. ग्रामपंचायतीच्या अर्थसंकल्पात मलप्रक्रिया केंद्र बसत नाही, आणि आपल्या हद्दीबाहेर खर्च करण्यास महापालिका सहसा धजत नाही. हा नाला वळवून प्रक्रियेसाठी नेण्याचे काम अखेर हाती घेतले गेले, ते नागरिक नदीत जाऊन बसल्यानंतर.